जुळ्यांसाठी जनुक तपासणी : कलेक्शन सेंटरच्या सेवेचं परीक्षण

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, जालना इथल्या कलेक्शन सेंटरांवर आता जनुक तपासणी मिळते. रक्त इथं घेतात, नमुना बेंगळुरू, हैदराबाद, मुंबई किंवा अहमदाबादच्या लॅबला जातो आणि चार ते सहा आठवड्यांनी रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर येऊन पडते. जुळ्या लेकरांपैकी एकाचं किंवा दोघांचं वागणं वेगळं दिसत असेल, म्हणजे नजर न देणं, रात्ररात्र जागणं, स्वतःचेच हात चावणं, पोट भरलं तरी खाणं न थांबणं, तर ही सेवा घ्यावी का आणि घेतली तर काउंटरवर काय मागावं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. कुठल्या एका कंपनीचं नाव घेतलेलं नाही, कारण नमुना घेण्याची आणि रिपोर्ट देण्याची पद्धत बहुतेकांची एकाच धाटणीची आहे.

मत आधीच सांगून टाकतो. लॅबमधलं काम चांगलं आहे. कच्चं आहे ते त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं: कोणती तपासणी निवडली, कुणाचं रक्त कोणत्या नळीत गेलं आणि आलेला रिपोर्ट घरच्यांना कोण समजावून सांगणार. एकट्या लेकराच्या बाबतीत यात ढिलाई झाली तर पैसे जातात. जुळ्यांच्या बाबतीत निरोगी लेकराच्या माथी आजार मारला जाऊ शकतो, किंवा आजारी लेकरू सुटून जाऊ शकतं.

सेवा विकताना एक वाक्य हमखास ऐकवतात: "ऑटिझम जनुकीय असतो, त्यामुळे टेस्टमध्ये कळेलच." यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, आणि तो कळला जुळ्यांमुळेच. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. त्यातल्या ११ जोड्या एकबीज होत्या (एकच फलित बीज दुभंगून झालेल्या), १० द्विबीज (दोन वेगळ्या बीजांच्या). एकबीज ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता, द्विबीजांत एकाही जोडीत नाही. भाषेच्या आणि बुद्धीच्या इतर अडचणी धरल्या तर एकबीजांत ९ जोड्या जुळल्या, द्विबीजांत फक्त १. त्याआधी वर्षानुवर्षं आईच्या कोरड्या वागण्याला दोष दिला जात होता. आपल्याकडे आजही तो दिला जातो, फक्त कारण म्हणून मोबाईल किंवा आईची नोकरी पुढे करतात. पुढच्या जुळ्यांच्या अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्र हिशेब झाला, तेव्हा ऑटिझममधला आनुवंशिक वाटा ६४ ते ९१ टक्क्यांच्या दरम्यान निघाला.

वाक्याचा दुसरा भाग मात्र खोटा आहे. आनुवंशिक वाटा मोठा असणं वेगळं आणि एका लेकराच्या रक्तात नेमकं कारण सापडणं वेगळं. विकास खुंटलेल्या किंवा ऑटिझम असलेल्या मुलांत क्रोमोसोमल मायक्रोअॅरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा वाढलेले छोटे तुकडे शोधणारी तपासणी) केला तर कारण सापडण्याचं प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या घरात आहे, साध्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघण्यात, तीनेक टक्के. "काही सापडलं नाही" असा रिपोर्ट येणं हाच बहुतेकांचा अनुभव असतो, आणि त्याचा अर्थ "लेकरू ठीक आहे" असा होत नाही. हे जो काउंटर पैसे घेण्याआधी सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

जुळी एकबीज की द्विबीज

फॉर्मवर हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच. असला तरी घरच्यांनी तोंडी सांगितलेलं लिहून घेतात. "दोन वारा (प्लॅसेंटा) होत्या, म्हणजे वेगळी जुळी" हा समज इतका पक्का आहे की कित्येक डिस्चार्ज कार्डांवरही तसं लिहिलेलं सापडतं. प्रत्यक्षात एकबीज जुळ्यांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जोड्यांना दोन वेगळ्या वारा असतात, कारण बीज पहिल्या तीनेक दिवसांतच दुभंगलेलं असतं. उलट बाजू मात्र भरवशाची आहे: अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत जुळी "मोनोकोरिऑनिक", म्हणजे दोन वारा चिकटून एक दिसलेल्या नव्हे तर खरोखर दोघांत एकच वार, असं लिहिलं असेल, तर जुळी जवळपास नक्कीच एकबीज. ती जुनी सोनोग्राफी फाईल शोधा, तिला इथं किंमत आहे.

मुलगा-मुलगी अशी जोडी असेल तर प्रश्नच नाही, ती द्विबीज. दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली असतील आणि वारेचा पुरावा नसेल, तर खात्री डीएनएनंच होते. पंधरा-सोळा एसटीआर खुणा (डीएनएतले माणसागणिक बदलणारे छोटे तुकडे) दोघांच्या जुळवून पाहतात. बहुतेक लॅबच्या दरपत्रकात ही तपासणी पितृत्व चाचणीच्या यादीखाली दडलेली असते, "जुळ्यांसाठी" म्हणून मागितली तर काउंटरवरच्या मुलाला सापडत नाही. दोघांचा एक्झोम, म्हणजे जवळपास सगळ्या जनुकांचं वाचन, होणार असेल तर वेगळे पैसे देऊ नका. त्याच डेटावरून लॅब हे सांगू शकते, फक्त तसं लेखी मागावं लागतं.

याला एवढं महत्त्व का? एकबीज जोडीत एकाचा रिपोर्ट हा बहुतेक बाबतीत दुसऱ्याचाही रिपोर्ट असतो, त्याची कुणी परवानगी घेतलेली नसली तरी. द्विबीज जोडी ही आजाराच्या हिशेबानं साध्या भावंडांसारखीच.

नमुना : सगळ्यात जास्त चुका इथं

जुळ्यांच्या दोन नळ्यांवरची लेबलं डोळ्यांसमोर आणा. आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, जन्मतारीख तीच, लिंग तेच, मोबाईल नंबर तोच, पत्ता तोच. लॅबची ओळख पटवण्याची सगळी साधनं इथं निकामी होतात. उरतं फक्त पहिलं नाव, आणि तेही आपण हौसेनं राज-राजू, सार्थक-समर्थ असं ठेवलेलं असतं. त्यात काउंटरवाल्यानं "ट्विन १, ट्विन २" लिहिलं, तर लेकरू कोणतं हे फक्त सुई टोचणाऱ्याला माहीत आणि संध्याकाळी त्यालाही आठवत नाही. डिस्चार्ज कार्डावर पहिला जन्मलेला कोण हे असतं, घरात मात्र "थोरला" वेगळाच म्हणतात, असंही होतं.

म्हणून एकाचं रक्त पूर्ण घेऊन, बारकोड चिकटवून, आईला लेबल वाचून दाखवून मगच दुसऱ्याला खुर्चीत घ्यावं. नळी हातात असतानाच लेबल लावायचं, ट्रेमध्ये ठेवल्यावर नाही. लेबलवर पूर्ण नाव, जन्माची वेळ आणि "पहिला जन्म / दुसरा जन्म" हे तिन्ही असावं. ज्या केंद्रात दोघांच्या नळ्या भरून झाल्यावर स्टिकर छापतात, तिथून सरळ उठून यावं.

डीएनए तपासणीला जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी लागते, लहान लेकराचं दोन-तीन मिलि रक्त पुरतं. कॅरिओटाइपला हिरव्या टोपणाची हेपॅरिन नळी लागते, कारण तिथं जिवंत पेशी वाढवाव्या लागतात. या दोन नळ्यांची अदलाबदल झाली की नमुना फेटाळला जातो आणि लेकराला पुन्हा टोचावं लागतं. ईडीटीएतलं रक्त दोन ते आठ अंश तापमानात काही दिवस टिकतं. हेपॅरिनचा नमुना मात्र चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पोचायला हवा. शुक्रवारी-शनिवारी घेतलेला नमुना कुरिअरच्या गोदामात रविवार काढतो, म्हणून सोमवार ते बुधवार सकाळी नमुना द्या. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा थर्माकोलचा डबा आणि बर्फाचे पॅक आहेत का ते बघा. पॅक नळीला थेट चिकटता कामा नये; रक्त गोठलं की पेशी फुटतात.

आता एक बाब, जी फॉर्मवर कुठंच विचारत नाहीत. जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असू शकतात, आणि त्यातून एकाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या अस्थिमज्जेत कायमच्या मुक्कामाला जातात. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात सुमारे ८ टक्के जुळ्यांच्या जोड्यांत अशी सरमिसळ रक्तगटावरून दिसून आली, तिळ्यांत २१ टक्के. म्हणजे रक्तातला डीएनए हा थोडासा भावाचाही असू शकतो. एकाला आजार आहे आणि दुसऱ्याला नाही अशी जोडी असेल, तर फक्त रक्तावर निष्कर्ष काढू नये. गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब सोबत द्यावा. स्वॅबआधी अर्धा तास खाणंपिणं नको. अंगावर पिणाऱ्या बाळाचं तोंड ओल्या कापडानं पुसून तासभर थांबावं, नाहीतर आईच्या पेशी येतात. मुदतीआधी जन्मलेल्या जुळ्यांना रक्त चढवलेलं असणं सर्रास असतं. गेल्या काही आठवड्यांत ते दिलं असेल तर तारीख लिहून द्या.

आधी स्वस्तातलं

एक्झोमची किंमत साधारण पंधरा ते तीस हजारांच्या घरात जाते, आईवडिलांसह ट्रायो घेतला की बरीच वाढते. एवढे पैसे मोजण्याआधी ज्या तपासण्या व्हायला हव्यात, त्यातल्या बहुतेक जिल्हा रुग्णालयाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, फुकट होतात किंवा तिथून पुढे पाठवतात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं हे केंद्र. बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, नेत्रतपासनीस, विशेष शिक्षक हे सगळे एका छताखाली असावेत अशी त्याची रचना आहे. यातलं कोण कोणत्या वारी बसतं ते फोन करून विचारा, मगच गाडी करा. खासगी केंद्रांपेक्षा ही सेवा या कामाला कितीतरी उजवी आहे आणि लोक ती वापरत नाहीत याचं मनापासून वाईट वाटतं.

जुळी बहुधा कमी वजनाची आणि मुदतीआधीची असतात. त्यामुळे त्यांच्या वेगळ्या वागण्याचं मूळ जनुकात असण्याआधी जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात असण्याची शक्यता तपासावी लागते. दूध उशिरा मिळून रक्तातली साखर उतरली, तर मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागाला इजा होते. असं लेकरू नजर देत नाही, आणि त्याला थेट ऑटिझमचं लेबल लागतं. एमआरआयमध्ये ही इजा दिसते, कितीही महागड्या जनुक तपासणीत दिसणार नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा चौथ्या आठवड्यापर्यंत तपासलेला हवा. कानाची ओएई चाचणी पास झाली म्हणजे झालं, असं एनआयसीयूत राहिलेल्या बाळाबाबत म्हणता येत नाही, कारण श्रवणाच्या नसेतला दोष ओएईत निसटतो. ती नस तपासणारी बेरा चाचणी मागा.

निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेलं, सहा महिने ते दीड वर्षाचं लेकरू मलूल झालं, हसणं-बघणं सोडलं, केस विरळ-भुरे झाले, बोटांच्या पेरांवर काळपटपणा आला, मग हातपाय थरथरायला लागले, आणि आई शाकाहारी असेल, तर बी-१२ बघा. रक्त इंजेक्शनच्या आधी घ्या. नंतर घेतलेला आकडा फसवा असतो. थायरॉईड तर कुठल्याही परिस्थितीत.

सहा महिन्यांच्या आसपासचं बाळ उठता-झोपता एकामागून एक झटके देत वाकतं, हात पुढे फेकतं, मग रडतं. घरचे याला पोटदुखी म्हणतात. हे इन्फंटाइल स्पाझम असू शकतात. त्याच दिवशी मोबाईलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ईईजी करा. उपचार लांबले की बुद्धीची हानी वाढते, जनुकाच्या रिपोर्टची वाट बघत बसू नये.

वागणं सांगतं कोणती तपासणी

इथंच पॅकेजवाली सेवा सगळ्यात कमी पडते. "ऑटिझम पॅनेल" किंवा "संपूर्ण एक्झोम" घेतलं की सगळं आलं, असं छापील माहितीपत्रकावरून वाटतं. एक्झोम जनुकांची अक्षरं वाचतो. पण एकच ओळ किती वेळा छापली गेली किंवा पान आईकडून आलं की वडिलांकडून, हे तो धड सांगत नाही. आणि विचित्र वागण्यामागचे काही नेहमीचे आजार नेमके याच जागी आहेत.

प्रॅडर-विली घ्या. जन्मतः अंग कापसासारखं ढिलं, दूध ओढत नाही, नळीनं पाजावं लागतं. दोनेक वर्षांनंतर चित्र उलटतं: भूक थांबतच नाही, लेकरू चोरून खातं, घरात फडताळाला कुलूप लावावं लागतं. घरचे याला हावरटपणा म्हणून मारतात. यात मेंदूला पोट भरल्याची जाणीवच पोचत नाही. पंधराव्या गुणसूत्राच्या वडिलांकडून आलेल्या भागाचं काम बंद पडलेलं असतं. यासाठी मिथायलेशन तपासणी (जनुक चालू की बंद हे सांगणाऱ्या रासायनिक खुणा बघणारी) लागते, लॅबच्या यादीत ती एमएस-एमएलपीए नावानं असते, आणि ती ९९ टक्क्यांहून अधिक रुग्ण पकडते. त्याच जागी आईकडून आलेल्या भागात दोष असेल तर अँजेलमन होतो: बोलणं जवळपास नाही, विनाकारण हसू, हात फडफडवणं, पाण्याचं वेड, तोल गेल्यासारखी चाल, फिट्स. इथं मात्र मिथायलेशन तपासणी ८० टक्क्यांच्या आसपासच पकडते. ती नॉर्मल आली आणि लक्षणं जुळत असतील तर यूबीई३ए जनुकाचं वाचन करावं लागतं.

फ्रॅजाइल एक्स हाही एक्झोममध्ये निसटणारा. मुलगा हात पुढे करतो पण मान फिरवतो, गर्दीत स्वतःचा हात चावतो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो. एफएमआर१ जनुकातली सीजीजी ही तीन अक्षरं २०० हून अधिक वेळा आली तर पूर्ण आजार, ५५ ते २०० म्हणजे वाहक अवस्था. टीपी-पीसीआर ही तपासणी मागा. इथं कुटुंबाची चौकशी सोन्यासारखी कामी येते: आईच्या वडिलांचे हात पन्नाशीनंतर थरथरायला आणि तोल जायला लागला का, मावशीची पाळी चाळिशीआधीच गेली का, मामाला शिकायला जमलं नाही का. आईच्या बाजूचा हा इतिहास आपल्याकडे काउंटरवर कुणी विचारत नाही, फॉर्मवर वडिलांचं घराणंच भरलं जातं.

बाळाच्या लंगोटात नारिंगी वाळूसारखा कण दिसतो आणि दोन-चार वर्षांचा झाल्यावर मुलगा स्वतःचे ओठ, बोटं रक्त निघेपर्यंत चावतो: हा लेश-नायहान. १९६४ मध्ये मायकेल लेश आणि विल्यम नायहान यांनी तो मांडला. या मुलांना वेदना होतात. ती रडतात आणि हात बांधून ठेवा म्हणून स्वतःच विनवतात, बांधलं की शांत होतात. पुढे १९७२ मध्ये नायहान यांनीच असं म्हटलं की ठराविक जनुकीय आजाराबरोबर ठराविक वागणं येतं, आणि ते वागणंही आजाराचंच लक्षण मानलं पाहिजे. याची पहिली तपासणी आहे युरिक अॅसिड, कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होणारी. अॅलोप्युरिनॉलनं युरिक अॅसिड उतरतं, मूत्रपिंड वाचतं, चावणं मात्र त्यानं थांबत नाही. दात, कोपराच्या पट्ट्या, खुर्चीची रचना यांचं नियोजन लागतं.

स्मिथ-मॅगेनिसमध्ये मेलाटोनिनचं घड्याळ उलटं चालतं. लेकरू दिवसा पेंगतं, रात्री दोन-तीनला उठून बसतं. आनंद झाला की दोन्ही हातांनी स्वतःलाच मिठी मारतं, नखं ओढून काढतं. बहुधा सतराव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो, तो मायक्रोअॅरेत दिसतो. अनोळखी माणसाच्या थेट मांडीवर बसणारं, गोड बोलणारं, पण दोन खडे मोजता न येणारं लेकरू दिसलं तर विल्यम्सचा विचार करावा. तिथंही मायक्रोअॅरे, आणि सोबत हृदयाचा इको चुकवू नये, कारण महारोहिणी अरुंद असू शकते.

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी, काही घरांत सख्ख्या भाचीशी लग्न होतं. अशा जोडप्याची लेकरं असतील तर दोन आजार वरच्या यादीत घ्या. एक सॅनफिलिपो: तीन-चार वर्षांपर्यंत चालणारं-बोलणारं लेकरू अचानक सैरभैर होतं, झोप उडते, शब्द गळायला लागतात, केस राठ, भुवया दाट, सारखं कान फुटणं, पातळ शौच. लघवीतली जीएजी तपासणी (शरीरात साचणाऱ्या लांब साखर-साखळ्यांची) यात कधी कधी खोटी नॉर्मल येते, म्हणून एन्झाइमची तपासणी हवी. दुसरा विल्सन, आणि हा सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण याला औषध आहे. शाळेत हुशार असलेल्या मुलाचं अक्षर बिघडतं, लाळ गळते, चिडचिड वाढते, बोलणं अडखळतं. गावात याला भानामती म्हणतात, बाहेरची बाधा म्हणतात, आणि महिने जातात. यकृतातून तांबं बाहेर टाकलं जात नाही, ते मेंदूत साचतं. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली, चोवीस तासांच्या लघवीत तांबं वाढलेलं, स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं. जुळं भावंड एकबीज असेल तर तेही त्याच वाटेवर आहे, द्विबीज असेल तर शक्यता चारात एक. त्याचं अक्षर अजून सुंदर असलं तरी त्याची तपासणी त्याच आठवड्यात करावी, कारण लक्षणं येण्याआधी सुरू केलेलं औषध त्याचा मेंदू वाचवतं.

एकबीज, तरी वागणं वेगळं

अशा जोडीचा रिपोर्ट "दोघांत फरक नाही" असा आला की घरचे गोंधळतात. बीज दुभंगल्यानंतर एकातच नवा बदल झालेला असू शकतो. तो काहीच पेशींत असेल तर नेहमीच्या खोलीच्या एक्झोममध्ये हुकतो. लॅबला "मोझॅइक शोधा" असं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सांगावं लागतं. मुलींच्या जोडीत एक्स गुणसूत्रावरचा आजार असेल तर दोनपैकी कोणतं एक्स बंद पडलं यावर त्याची तीव्रता ठरते. आणि जनुकाचा संबंध नसलेली कारणं असतातच: दुसऱ्या जन्मलेल्याला प्राणवायू कमी पडला, एकाच वारेतून एकाला रक्त जास्त आणि दुसऱ्याला कमी गेलं. म्हणून दोघांचे डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून जन्मवजन, रडायला लागलेला वेळ, साखर, कावीळ, फोटोथेरपीचे दिवस हे ओळीनं लिहून काढा. कधी कधी हा एक कागद पूर्ण पॅकेजपेक्षा जास्त सांगतो.

रिपोर्ट

इंग्रजीत येतो, दहा-बारा पानांचा, आणि त्यातली कामाची ओळ पहिल्या दोन पानांत असते. सगळ्यात घोटाळा करणारा शब्दप्रयोग म्हणजे व्हीयूएस, अर्थ न लागलेला बदल. हा निदान नाही. त्यावरून औषध बदलू नये, गर्भपात तर मुळीच ठरवू नये, दुसऱ्या लेकराला आजारी ठरवू नये. आईवडिलांचे नमुने तपासले की यातल्या अनेकांचा निकाल लागतो, म्हणून ट्रायो महाग असला तरी जमत असेल तर तोच घ्या. मायक्रोअॅरेच्या रिपोर्टमध्ये होमोझायगस भाग (आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सारख्याच असलेले) मोठे दिसले तर त्यातून आईवडिलांचं रक्ताचं नातं उघड होतं. नात्यातलं लग्न फॉर्मवर लपवू नका, त्यानं वाचन चुकतं.

"मोफत जेनेटिक कौन्सेलिंग" ही सेवेतली सगळ्यात कमजोर कडी. ते रिपोर्टनंतर, फोनवर, बहुतेकदा हिंदी-इंग्रजीत होतं. हवं असतं ते नमुन्याच्या आधी, मराठीत, आईवडील दोघांसमोर. त्यात हे ठरायला हवं: निरोगी जुळ्याचा निकालही कळून घ्यायचा का? पुढे त्याला वीस-पंचविशीत येऊ शकणारा, आज औषध नसलेला आजार असल्याचं कळलं तर ते कुणाला सांगायचं? संमतिपत्रावर सहसा एकाच लेकराचं नाव असतं. एकबीज जोडीसाठी दोघांचीही नावं लिहून मगच सही करा. हे विचारल्यावर ज्या केंद्रात कपाळाला आठी येते, ते केंद्र जुळ्यांसाठी नाही.

लॅबचं एनएबीएल प्रमाणपत्र, म्हणजे लॅबच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता, बघताना नुसता लोगो बघू नका. तुमची नेमकी तपासणी त्याच्या व्याप्तीत आहे का ते विचारा. बायोकेमिस्ट्रीला मान्यता आणि जनुकाला नाही, असं असू शकतं.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडी कार्डासाठी, जनुकाचा रिपोर्ट लागत नाही. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही आहेत. ऑटिझमसाठी चाळीस मुद्द्यांची आयएसएए (ऑटिझम मोजण्याची भारतीय पट्टी) मोजणी करतात आणि ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरतात. "आधी जीन टेस्ट करा मग सर्टिफिकेट" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. कार्ड झालं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च धरतात. दोघांना आजार असेल तर दोघांचे अर्ज वेगळे.

खासगी केंद्राच्या आधी वैद्यकीय आनुवंशिकी विभागाचं मत घ्यायचं झालं तर मुंबईचं केईएम हे दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. नांदेड-लातूरकडून हैदराबादचं निम्स रुग्णालय जवळ पडतं आणि तिथं सीडीएफडी या डीएनए संशोधन संस्थेच्या साथीनं हाच विभाग चालतो. नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस दोन्ही टोकांना जाते. जाताना दोन्ही लेकरांना न्या, निरोगी दिसणाऱ्यालाही, कारण डॉक्टर दोघांचे चेहरे, डोक्याचा घेर आणि वागणं शेजारी ठेवून बघतात. दोघं एकाच चौकटीत खेळताहेत असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, दोन आठवड्यांची झोपेची वही, दोन्ही डिस्चार्ज कार्डं, पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी आणि दोन्ही घराण्यांचा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष सोबत असू द्या. वंशवृक्षात दगावलेली लेकरं आणि पडलेले गर्भही लिहा.

रिपोर्ट नकारात्मक आला तर लॅबकडून कच्चा डेटा मागून पेनड्राइव्हवर ठेवा. फास्टक्यू आणि व्हीसीएफ अशी त्या फायलींची नावं आहेत. नवी जनुकं सापडत राहतात, त्यामुळे एक-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा वाचला तर आज न सापडलेलं कारण सापडू शकतं, आणि त्यासाठी लेकराला पुन्हा टोचावं लागत नाही. पुनर्वाचन फुकट आहे की पैसे लागतात आणि डेटा किती वर्षं सांभाळतात, हे नमुना देण्याच्या दिवशीच पावतीवर लिहून घ्या.